मोकळी गाडी

आमच्या मिस्त्रींना गाडी चालवता येत नसे. सगळा जन्म गाड्यांच्या पोटाखाली गेला, पण स्टिअरिंगला त्यांनी कधी हात लावला नाही. लायसन नाही, शिकायची हौस नाही आणि त्याची लाज तर अजिबात नाही. काम झालं की हात पुसत ते मागच्या सीटवर जाऊन बसत आणि मालकाला म्हणत, "घे, चालव. खड्ड्यातनं घे." मालक बिचारा आपल्या गाडीला जपत खड्डा चुकवायला जाई, तेव्हा मागून आवाज येई, "चुकवतोस काय? त्याच्यासाठीच तर बसलोय मी!"

"चालवनाऱ्याला खड्डा दिसतो," असं ते म्हणत, "मागं बसनाऱ्याला तो कळतो." त्यांच्या लेखी माणसं दोनच प्रकारची, चालवणारी आणि मागे बसणारी. मिस्त्री कायम मागे बसणाऱ्यांच्या बाजूचे. दुपारचा डबासुद्धा ते दुरुस्तीला आलेल्या गाडीच्या मागच्या सीटवर बसून खात. एकदा एका नव्याकोऱ्या गाडीत त्यांनी सुक्या बोंबलाची चटणी सांडली, त्यावरून त्या मालकाने केवढा आरडाओरडा केला! मिस्त्रींनी शांतपणे भाकरी संपवली आणि म्हणाले, "तुझ्या गाडीत बसून जेवता येत नाय, म्हंजे पाटा कडक हाय."

निर्मळ गावात रस्त्याच्या कडेला, एका केळीच्या वाडीच्या कुंपणाला चिकटून त्यांची पत्र्याची शेड होती. जुन्या जीपला आणि टेम्पोला चाकांच्या वर लोखंडी पट्ट्यांची एकावर एक रचलेली कमान असते. गाडीचा सगळा भार ती झेलते. तिला सगळे पाटा म्हणतात. मिस्त्री फक्त पाट्याचं काम करत. इंजिन, ब्रेक, लाइट असलं काही घेऊन कोणी गेलं तर "ते डॉक्टर वेगळे" म्हणून वाटेला लावत. हाताखाली कोणी नाही. भट्टीचा भाता त्यांची बायको चालवी. सगळे तिला बाय म्हणत. एका हाताने भाता, दुसऱ्या हाताने मांडीवरच्या टोपलीतल्या कागड्याच्या कळ्या निवडणं, आणि नवऱ्याचं बोलणं फार लांबलं की भाता जोरात ओढून त्याला गप्प करणं, अशी तिची तीन कामं होती.

आता त्यांचा खरा विक्षिप्तपणा सांगतो. गाडी घेऊन गेलं की कोणीही मिस्त्री आधी वाकून चाकाखाली बघेल. हे गाडीकडे बघतसुद्धा नसत. विचारत, "हिच्यात बसतं कोन?"

"म्हणजे?"

"मानसं. मानसं कोन बसतात? त्यांना घेऊन ये."

"अहो, पण काम गाडीचं आहे ना!"

"मोकळी गाडी खोटी," ते ठरलेलं उत्तर देत. "मोकळ्या गाडीवरनं पाटा लावला तर तो रस्त्यावर जाऊन खोटं बोलतो. मानसं आन, मग बघू."

आणि खरंच, माणसं आणल्याशिवाय ते पान्याला हात लावत नसत. सगळं घर गाडीत बसवायचं, रोज जो जिथे बसतो तिथेच. मग चाकाच्या वरच्या पत्र्यापासून ओळंबा सोडायचा, गाडी किती दबली त्याची भिंतीवर खडूने रेघ मारायची, एकेकाला उतरवायचं, पुन्हा मारायची. शेडची मागची भिंत अशा खडूच्या रेघांनी भरलेली होती. प्रत्येक गाडीच्या रेघा वेगळ्या. नाव कुणाचं नाही, नंबर नाही, पण मिस्त्री भिंतीपुढे उभे राहून सांगत, "हा नाळ्याचा मास्तर. ही त्याची बायको, पोटुशी होती तवा. हा तिचा भाऊ, फुकट बसनारा."

रेघा मारून झाल्या की शेवटचा प्रश्न. तो ते प्रत्येकाला विचारत, अगदी जवळ जाऊन आणि हळू आवाजात. "कुठं दुखतं?"

लोक आधी हसत आणि मग सांगत. मी स्वतः ऐकलंय. ज्या बाईने घरच्यांना कधी सांगितलं नाही, ती या काळ्या हातांच्या माणसाला सांगत असे की बाळंतपणापासून माकडहाड दुखतं. कुणाची मान, कुणाचा मुतखडा. मिस्त्री मान हलवून ऐकत आणि त्याप्रमाणे एखादी पट्टी पातळ करत, एखादी काढून टाकत. एका फुलवाल्याचा टेम्पो त्यांनी बांधला होता. निर्मळची फुलं भल्या पहाटे स्टेशनला जायची, तर खालच्या टोपल्यांतला मोगरा दबून काळा पडायचा. मिस्त्री स्वतः टोपल्यांच्या मधे बसून स्टेशनपर्यंत गेले आणि परत येऊन दोन पट्ट्या काढून टाकल्या. "विटा न्यायच्या तर कडक, केळी न्यायची तर मधला, फुलं न्यायची तर मला बोलव," असा त्यांचा हिशेब होता.

एक बिल्डर होता. मोठी उंच गाडी, गळ्यात जाड साखळी. त्याला मिस्त्रींनी विचारलं, बसतं कोण? तो म्हणाला, आई. मिस्त्री म्हणाले, घेऊन ये. त्याने ड्रायव्हर पाठवला, ड्रायव्हर परत. त्याने ड्रायव्हरसोबत आईच्या वजनाएवढी सिमेंटची गोणी पाठवली. मिस्त्रींनी गोणीला विचारलं, "कुठं दुखतं?" आणि ड्रायव्हरला म्हणाले, "काय बोलत नाय बघ ही." आठवड्याने तो स्वतः आईला घेऊन आला. म्हातारी दिवसभर बायजवळ बसून कळ्या निवडत राहिली आणि जाताना म्हणाली की एवढा वेळ माझा मुलगा माझ्याजवळ दहा वर्षांत थांबला नव्हता. ही गोष्ट मिस्त्रींनी मला निदान सात वेळा सांगितली असेल. दर वेळी मी हसलो होतो.

हे सगळं मला माहीत होतं. माहीत असूनही मी जे केलं ते केलं, म्हणून आधी सांगून टाकलं.

मी तेव्हा चंदनसारला राहत होतो. तिसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट, वडील आणि मी. आई तीन वर्षांपूर्वी गेली होती. मुंबईत नोकरी होती, लग्न व्हायचं होतं, आणि अशा वयात माणसाला जी खाज सुटते ती मला सुटली. सरकारी लिलावातली एक जुनी जीप मी घेतली. वडिलांनी गॅलरीतून तिच्याकडे एकदा पाहिलं, "भंगार" एवढा एकच शब्द उच्चारला, आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं टाकलं. जेवणाच्या ताटावर बसलं की मीठसुद्धा ते भिंतीकडे बघून मागत. साताऱ्याकडचा माणूस, साठवलेला पैसा जागेत घालावा की भंगारात, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. आता वाटतं, त्यांचं फार चुकलं नव्हतं.

मला जीप उंच हवी होती. रविवारी ऑफिसातल्या मित्रांबरोबर तुंगारेश्वरच्या रानात जायचं, कळंबच्या वाळूवर घालायची, तर दगडाला पोट लागता कामा नये. ऑफिसात एकाकडे गाड्यांचं परदेशी मासिक होतं. त्यातल्या तयार सामानाची किंमत बघून मी मासिक मिटलं. मग स्वस्तातला उपाय शोधत महिनाभर हिंडलो. कोणी म्हणे, पाट्याखाली लोखंडी ठोकळे घाल. कोणी म्हणे, पाट्याच्या टोकाच्या कड्या लांब बसव. कोणी म्हणे, भंगारातून टेम्पोच्या पट्ट्या आणून वर चढव. मी हे सगळे पर्याय एका कागदावर लिहून मिस्त्रींकडे नेले.

त्यांनी कागद बायकडे दिला, तिने त्यात फुलं गुंडाळली.

"ठोकळा घातला म्हंजे उंच टाचेची चप्पल," मिस्त्री म्हणाले. "पाय तोच, मुरगळायला बरा. लांब कड्या म्हंजे गाडी वळनावर बेवड्यासारखी झुलनार. तुझी कमान बसलीय बघ, म्हातारी झालीय. ती तापवून, ठोकून परत उचलतो. दोन बोटं वर येईल. लय झालं."

"दोन बोटं? मला चार तरी हवीत, मिस्त्री. टेम्पोच्या पट्ट्या वाढवल्या तर?"

"वाढवू की. वजन असलं तर वाढवू. वजन नसताना वाढवल्या तर ती उसळनार, आतला मानूस चेंडूसारखा उडनार. घरात कोन कोन हायेत?"

"वडील आणि मी."

"बापाला घेऊन ये."

इथे मी अडलो. वडिलांना काय सांगणार? ज्या गाडीमुळे अबोला धरलाय तिच्यात बसून खडूच्या रेघा मारून घ्या म्हणून? आणि दुसरं, जे मी तेव्हा स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. वडील काडीसारखे. त्यांना बसवून मिस्त्री दोन बोटांच्या वर एक सूत देणार नाहीत, हे मला दिसत होतं.

आमच्या वरच्या मजल्यावर एक काका राहत. वडिलांच्याच वयाचे, पण देह असा की जिन्यातून ते उतरत असले की आपण खालच्या मजल्यावर थांबून वाट बघायची. स्वभावाने गमत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, त्यांनी मांडीवर थाप मारली. "तुझा बाप व्हायचं ना? होतो की! पण कळंबला न्यायचं हं."

रविवारी आम्ही निर्मळला गेलो. काका मागच्या बाकावर ऐसपैस बसले, जीप मांजरीसारखी खाली दबली, मिस्त्रींनी खडूने खूण केली. "हा माझा मुलगा," काका माझ्या पाठीवर थोपटत बायला म्हणाले, "लहानपणापासून असाच हट्टी." मला हसू आवरेना. मिस्त्री जवळ गेले.

"बाबा, कुठं दुखतं?"

"दुखतंय कुणाला? वाघ आहे मी, वाघ! घाला काय पट्ट्या घालायच्या त्या."

मिस्त्रींना एवढा आनंद झाला की काय सांगू. त्यांच्या आयुष्यात बहुधा असं उत्तर पहिलंच होतं. "ऐकलंस का गं," ते बायला म्हणाले, "मानसाला कायच दुखत नाय!" त्यांनी भिंतीवर आमची रेघ मारली आणि तिच्याभोवती हौसेने एक गोल काढला. मागे दोन जास्तीच्या पट्ट्या चढल्या. जीप चार बोटं वर आली. मी सबंध चंदनसारमधून ती दोनदा फिरवली.

पुढचे चार महिने मी सुखात होतो. दर रविवारी मित्रांना भरून न्यायचो. पाच-सहाजण बसले की ती गाडी झकास जायची. मिस्त्रींनी काम चोख केलं होतं, ज्या वजनासाठी केलं त्या वजनासाठी.

मग एका रविवारी सकाळी मी खाली जीप धूत असताना वडील जिना उतरून आले. डोक्याला टोपी, हातात पाण्याची बाटली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "कळंबला समुद्र आहे म्हणतात."

"आहे ना."

"तुझ्या आईला न्यायचं राहिलं." आणि मागचं दार उघडून आत चढले. पुढे बसा म्हटलं तर म्हणाले, "नको. पुढे बसलं की तू कसा चालवतोस ते दिसतं."

सहा महिन्यांनी बाप माझ्याशी बोलला होता, तोही माझ्या गाडीत बसून. पट्ट्या, वजन, काका यांतलं काहीएक मला आठवलं नाही. आठवलं असतं तर निदान हळू चालवली असती. मी उलट त्यांना गाडीची करामत दाखवायला निघालो होतो. रस्त्यात बोलत होतो, हे बघा निर्मळचं देऊळ, हे बघा तळं. आम्ही दोघंच, ती हलकी गाडी खडा लागला तरी उडत होती. कळंबला वाळूचा एक बांध होता, त्यावरून मी ती नेली. मागे वळून पाहिलं तर वडिलांनी वरचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता. ते समुद्राकडे बघत होते. म्हणाले, "मोठा आहे."

येताना एकदाच म्हणाले, "हळू घे जरा." मला वाटलं, घाबरले. मला जरा गंमतच वाटली.

घरी पोचल्यावर त्यांना उतरता येईना. चेहरा पांढरा, कपाळावर घाम. वरचे काका धावत खाली आले. त्यांनीच वडिलांना पाठुंगळीला घेतलं आणि तीन मजले चढवले. ज्यांच्या पाठीच्या मापाने पाटे बसवले होते, त्याच पाठीवरून माझे वडील घरी गेले. काका त्यानंतर माझ्याशी थट्टा करायचे थांबले. डॉक्टरांनी सांगितलं, मणक्यातली जुनी गादी सरकली आहे, झोपून राहायचं, पुढचं बघू.

पुढच्या आठवड्यात मी जीप निर्मळला नेली. म्हटलं, "मागच्या दोन पट्ट्या काढा."

"का?"

"वडिलांची कंबर गेली. कळंबहून येताना."

मिस्त्रींच्या हातातला पाना तसाच राहिला. ते उठून भिंतीपाशी गेले, आमची गोल काढलेली रेघ बघत उभे राहिले. "पन ते म्हनाले, कायच दुखत नाय," ते म्हणाले. "मी इचारलं होतं. तू होतास ना? मी इचारलं होतं ना गं?" बायने भाता थांबवला होता. मी म्हणालो, "हो." एवढंच. तेव्हा सांगायचं होतं. एका वाक्याचं काम होतं. भट्टी थंड होईपर्यंत मी तिथे उभा होतो आणि माझ्या तोंडून ते वाक्य निघालं नाही.

आणि मग त्यांनी जे केलं त्याची मी कल्पना केली नव्हती. रविवारी दुपारी आमच्या दाराची कडी वाजली. बाहेर मिस्त्री. धुतलेला सदरा, खांद्यावर ओल्या गोणपाटात गुंडाळलेला केळ्यांचा घड. निर्मळहून बसने विरार स्टेशनला आणि तिथून चंदनसारपर्यंत चालत. "बाबांना भेटायला आलो," म्हणाले.

मी दारात आडवा उभा राहिलो असेन बहुतेक, कारण आतून वडिलांनी विचारलं, "कोण आहे? आत तरी येऊ दे."

मिस्त्री आत आले. कॉटवर माझे वडील होते. काडीसारखे, डोळ्याला जाड भिंगांचा चष्मा, पोटाला पट्टा. मिस्त्रींनी त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग परत त्यांच्याकडे, डोक्यापासून पायापर्यंत, अगदी ओळंबा सोडल्यासारखं. माझ्या हातात पाण्याचा पेला होता, तो मी त्यांना द्यायचा विसरलो.

"हे जीपच्या पाट्यांचं काम करणारे मिस्त्री," मी म्हणालो. माझाच आवाज मला कुणाचा तरी वाटला.

वडील माझ्याकडे बघायला लागले. काय झालं, हा असा का बोलतोय, अशा नजरेने.

मिस्त्रींनी घड खाली ठेवला. कॉटजवळ उकिडवे बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाबा, कुठं दुखतं?"

आणि माझे वडील, ज्यांनी डॉक्टरांनासुद्धा "ठीक आहे" यापलीकडे उत्तर दिलं नव्हतं, त्यांनी हात मागे नेऊन दाखवलं. "इथे. डाव्या बाजूला. मग मांडीतून खाली जातं. वीस वर्षं झाली. हिला माहीत होतं," आणि त्यांनी आईच्या फोटोकडे बोट केलं. मी त्यांच्याच घरात वाढलो होतो आणि मला माहीत नव्हतं.

मिस्त्री सगळं ऐकून उठले. हात जोडले. "माझा हात चुकला, बाबा. पट्ट्या जास्ती पडल्या. पोराची काय चूक नाय."

वडील शिस्तीचे माणूस. ते म्हणाले, "चुका होतात. पण हे माणसांच्या जिवाचं काम आहे. बघून करावं, विचारून करावं." मिस्त्री मान खाली घालून म्हणाले, "हो. इचारून करावं." त्या माणसाला, ज्याने जन्मभर विचारण्याशिवाय दुसरं काही केलं नाही, माझे वडील माझ्यादेखत विचारून काम करायला शिकवत होते. आणि मी हातात पेला धरून उभा होतो. मला आजही त्या क्षणाची इतकी शरम वाटते की लिहिताना पेन थांबतं.

मी त्यांना पोचवायला खाली गेलो. दुसऱ्या मजल्यावर म्हणालो, "मिस्त्री, मी…"

"केळी दोन दिवस थांबून खा," ते म्हणाले. "कच्ची हायेत." फाटकापाशी त्यांनी वळून इमारतीकडे पाहिलं. "ते जाडे काका कोन रे?"

"वर राहतात."

"बरे हायेत ना?"

"हो."

"हां. त्यांना कायपन दुखत नाय," मिस्त्री म्हणाले आणि चालायला लागले.

त्यानंतर वडील माझ्याशी बोलायला लागले, ते शेवटपर्यंत बोलत राहिले. ही या गोष्टीतली सगळ्यात वाईट गोष्ट आहे. त्यांचा सगळा राग माझ्यावरून उठून मिस्त्रींवर गेला होता. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत, "हा बिचारा चांगला कारागीर म्हणून गेला होता त्याच्याकडे. त्या निर्मळच्या मिस्त्रीने वाट लावली." मी चहा आणून देत असे. पेल्यातली साखर ढवळत असे. खरं सांगितलं असतं तर तो अबोला परत आला असता, आणि या वेळी तो सुटला नसता. मला बाप हवा होता. त्याची किंमत दुसऱ्याच माणसाने दिली आणि मी ती देऊ दिली. वडील पुढे काठी घेऊन घरातल्या घरात फिरायचे, जिना मात्र त्यांनी पुन्हा उतरला नाही. सहा वर्षांनी गेले. जाईपर्यंत त्यांना वाटत होतं की मिस्त्रीचा हात चुकला.

जीप मी विकली नाही. चालवावीशीही वाटेना, पण विकवेना. लग्न झालं. बायकोला ही गोष्ट मी पहिल्यांदा सांगितली. ती म्हणाली, "मग जाऊन सांग ना त्यांना." तिचीही कंबर धरायची. एका रविवारी मी तिला जीपच्या मागच्या बाकावर बसवलं आणि निर्मळला निघालो. वाटेत तिला सांगत होतो, आधी ते माणसं बघतात, मग रेघा मारतात, मग जवळ येऊन विचारतात, तेव्हा लाजू नकोस, खरं काय ते सांग.

शेड होती. बाय कळ्या निवडत बसली होती, पण भात्याच्या जागी विजेचा पंखा लावलेला होता. मागची भिंत चुन्याने पांढरी झाली होती. मिस्त्री एका टेम्पोखालून बाहेर आले. केस सगळे पिकलेले. त्यांनी मला ओळखलं. विचारलं, "काय काम?"

"पट्ट्या बघायच्या होत्या. माणसं आणलीत, मिस्त्री."

"कशाला? गाडी ठेव आनि जा. परवा ये."

"पण बसवून बघणार ना?"

"किती जन बसता?"

"दोघं. कधी चौघं."

"बरं." ते वाकून चाकाखाली बघायला लागले, कुठल्याही मिस्त्रीसारखे.

मी त्यांच्याशेजारी जमिनीवर बसलो. महिनाभर मनात जुळवलेलं वाक्य होतं, ते सगळं विसरलो. "मिस्त्री, तेव्हा जे आणले होते ते माझे वडील नव्हते."

"ठाऊक हाय," त्यांनी एक नट पान्यात धरला.

"मग घरी येऊन तुम्ही माफी का मागितलीत?"

ते नट पिळत राहिले. तो गंजला होता, सुटत नव्हता. "तुझा बाप तुझ्याकडं बघत होता," ते म्हणाले.

बायने टोपलीतून मान वर केली नाही. मी म्हटलं, वडील गेले. ते म्हणाले, ऐकलं. मी म्हटलं, माझं चुकलं, फार चुकलं, तेव्हाच सांगायला हवं होतं. त्यांनी नुसती मान हलवली, कुणाच्या गुडघ्याचं दुखणं ऐकताना हलवत तशीच. मग मी ते विचारलं जे विचारायची मला भीती वाटत होती. "तुम्ही आता माणसं बसवत नाही?"

नट सुटला. मिस्त्रींनी तो तळहातावर घेऊन पुसला.

"मानसाला इचारलं की मानूस खरं सांगतो, हे धरून मी पाटा बांधायचो," ते म्हणाले. "तुझ्यानंतर कोन गाडीत बसला की मला वाटायचं, हा तोच हाय का? मंग हात चालंना. आता मोकळीच मोजतो. मोकळी बरी."

आणि ते परत गाडीखाली गेले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला परवडला असता.

मी उठलो. बायको मागच्या बाकावर तशीच बसली होती, सरळ पाठीने, दोन्ही हात मांडीवर घेऊन, आपला नंबर लागण्याची वाट बघत. मी तिला म्हटलं, उतर.

"अगं बाई, झालं?" ती म्हणाली. "ते विचारणार होते ना, कुठं दुखतं म्हणून?"

मी तिला हात दिला. म्हटलं, "आता नाही विचारत."